उडीसाठी जमवलेला कापूस

“पोरगी हिरीत उड्या मारते, अन् कापूस आपून द्याचा! काऊन बे?”

खाली लागलेल्या गाड्यांमधून कोणी तरी म्हणालं. मी माडीच्या खिडकीत, पडद्याआड उभी होते. शेजारचा गाडीवान हसला.

“देऊन टाक ना बे मूठभर. तसाबी पानी शिपडूनच आनला असशीन तू कापूस. पान्याचं पान्यात जाते.”

आजूबाजूचे सगळे हसले. पहिल्याने एक शिवी हासडली, गाडीत हात घातला आणि मूठभर कापूस काढून गोणीत टाकला. मूठ जरा लहानच होती.

मलकापूरला आमचं अडतीचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. गाडीचा सौदा झाला की शेतकऱ्याने मूठभर कापूस देवळाच्या नावाने काढून ठेवायचा, अशी आमच्या दुकानाची जुनी रीत होती. त्यासाठी पायरीशी एक गोणी उभी असे. त्या हंगामात तिच्या शेजारी दुसरी गोणी आली. मुलींच्या शाळेतल्या कवायतीच्या मास्तरांनी वडिलांना विचारून ती ठेवली होती. एक मूठ देवाला आणि एक मूठ मळ्यातल्या मुलीला. तिला मुंबईला पाठवायचं होतं, पाण्यात उड्या मारण्याच्या स्पर्धेला.

मी त्याच वर्षी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून शिक्षण संपवून घरी आले होते. आठ वर्षं वसतिगृहात काढल्यावर घरातल्या भांड्यांच्या जागासुद्धा मला विचाराव्या लागत. बायका मला पाठीमागे ‘मडम’ म्हणत, आणि माझं बोलणं ऐकायला मुद्दाम काही तरी विचारत. म्हणून मी बोलणंच कमी केलं. खिडकीतून मात्र सगळं दिसे आणि ऐकूही येई.

मळ्यातली मुलगी चौदा वर्षांची होती. रुळांच्या पलीकडे त्यांचा वांग्या-मेथीचा मळा होता. रोज सकाळी ती आईबरोबर भाजीची पाटी घेऊन आमच्या जिन्यात येई. आई भाव करायची तेव्हा ती कठड्याला पाठ लावून एका पायावर उभी राहायची, सहज, बगळ्यासारखी. कोणाच्या तरी विहिरीत पडलेली कळशी काढताना मास्तरांनी तिला पाहिलं, आणि तेव्हापासून त्यांना दुसरा विषय राहिला नव्हता. बुलढाण्याला कचेरीत ते चार वेळा एस.टी.ने जाऊन आले. तिथल्या साहेबांनी मुंबईचा पत्ता दिला.

एकदा वडील आम्हाला तिची उडी बघायला घेऊन गेले. मोटेच्या चाकाला आधार देणारं जे आडवं लाकूड असतं, त्यावर ती चढली. परकराचा काचा मारलेला. थोडा वेळ ती नुसती उभी राहिली, आणि मग लाकडावरून गेलीच. हवेत तिने गुडघे पोटाशी घेतले, दोनदा फिरली, पुन्हा सरळ झाली आणि हात पुढे करून पाण्यात शिरली. मला वाटलं होतं मोठा आवाज होईल. तो झालाच नाही. पाणी काठापर्यंतसुद्धा उसळलं नाही. ती वर आली तेव्हा विहिरीभोवती वाकलेल्या एवढ्या माणसांतून तिने माझ्याकडे पाहिलं आणि खालून ओरडून विचारलं, “ताई, बराबर झाली का?”

मी शहरात शिकलेली, मला कळत असेल, असं तिला वाटलं असावं. मी फक्त मान हलवली.

खामगावकडचं एक स्थळ तिला सांगून आलं होतं, अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरून. तिची आई जिन्यात बसून माझ्या आईला सांगत होती, “ते लोकं आखाजीले लगीन करा म्हन्तेत. मास्तर म्हन्ते, ममईले निवड झाली तं तेच तिले ठेवून घेतीन, शिकोतीन, खाऊपिऊ घालतीन. मंग मी थांबतो. नाई झाली तं काय, पोरीची जात हाये, देऊन टाकतो.”

मुलगी तेव्हा जिन्याच्या खालच्या पायरीवर होती. ती पायरीच्या कडेवर टाचा उचलून उभी राहत होती आणि पुन्हा खाली टेकत होती. तेवढाच तिचा सराव, दिवसभर, कुठेही.

कापूस बराच जमला. वडिलांनी तो चांगल्या भावाने घेतला. मुंबईहून पत्र आलं तेही त्याच आठवड्यात, इंग्रजीत टंकलेलं. मास्तर ते घेऊन थेट दुकानात आले. स्टेशनवरच्या बाबूंकडून किंवा पोस्टमास्तरांकडून ते वाचून घेता आलं असतं. पण वडिलांना ती संधी सोडायची नव्हती. त्यांनी जिन्यातून हाक मारली, “बाई, खाली ये. पत्र वाचाचं हाये.”

गादीवर जिनिंगचे शेट बसले होते, दोन व्यापारी होते, मुनीम होते, आणि दाराशी चार शेतकरी. मुलीचे वडील बाहेर पायरीवर, चपला काढून. माझ्या वडिलांनी शेटजींना म्हटलं, “आठ वर्सं ठेवली नागपूरले. आयका आता.”

मी आधी इंग्रजीत वाचलं. शेटजी कौतुकाने मान डोलवत होते. मग मास्तर म्हणाले, “आता आमच्या भाषेत सांगा.”

मी सांगत गेले. स्पर्धेची तारीख. उतरण्याची सोय. जन्माचा दाखला. सोबत एक बाईमाणूस असावं. आणि मग ती ओळ आली. मुलींनी पोहण्याचा ठरलेला पोशाख घालूनच उडीच्या फळीवर यावं, अंगाला बसणारा, एकसंध, बिनबाह्यांचा. दुसऱ्या कोणत्याही कपड्यात उडी मारू दिली जाणार नाही. पोशाख ज्याचा त्याने आणायचा.

इंग्रजीत मी ती ओळ न अडखळता वाचली होती. इंग्रजीत तिला काही अंग नव्हतं. मराठीत मला ‘अंगाला बसणारा’ म्हणायचं होतं, ‘मांड्यांपर्यंत उघडा’ असं समजावून सांगायचं होतं, आणि समोर शेटजी, मुनीम, वडील, आणि पायरीवर त्या मुलीचा बाप. माझे कान तापले. मी पुढच्या ओळीवर गेले. पुढची ओळ शुभेच्छांची होती.

“अजून काही खर्चाचं लिवलं हाये का?” मास्तरांनी विचारलं. “काही घ्या लागते, काही आना लागते?”

“नाही,” मी म्हणाले.

नीट ठेवते, असं सांगून पत्र मी वर नेलं आणि माझ्या ट्रंकेत, जुन्या वह्यांच्या खाली ठेवून दिलं.

पुढे बारा दिवस होते. रोज सकाळी भाजीची पाटी येत होती. रोज मी ठरवत होते की आज तिच्या आईला बाजूला घेऊन सांगायचं. बाईने बाईला सांगायचं, त्यात काय. पण बारा दिवस मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिले आणि त्या दोघी उतरून गेल्या. मनाला मी वेगवेगळ्या गोष्टी सांगत होते. मुंबईत एवढ्या मुली येतील, कोणी तरी देईल. किंवा गावाला हे कळलं असतं तर कापसाची एक मूठही पडली नसती, म्हणजे मी तिचं भलंच केलं. ही दुसरी गोष्ट मला फार पटली होती. आजही ती पूर्ण खोटी आहे असं मी म्हणू शकत नाही, आणि म्हणूनच तिचा मला राग येतो.

खर्च जाऊन पैसे उरत होते. गावाने सत्कार करायचं ठरवलं. वाजंत्री आली, शेटजींच्या हस्ते मुलीच्या आईला हिरवं लुगडं दिलं गेलं. मास्तरांनी शिंप्याकडून मुलीसाठी खास पोशाख शिवून घेतला होता: निळ्या साटीनचं लांब बाह्यांचं पोलकं आणि घोट्यापर्यंतची तुमान, काठाला जरीची पट्टी. मास्तरांनी तो दोन्ही हातांनी वर धरून सगळ्यांना दाखवला.

“ह्याच्यात उडी मारीन आमची पोरगी! मुंबईवाले पाह्यतच राह्यतीन!”

“परीच दिसते!” बायका म्हणाल्या.

मुलगी लाजून हसली. तिने साटीनवरून हात फिरवला आणि गर्दीत मला शोधून, बघा, असं डोळ्यांनी सांगितलं. मी बायकांच्या मागे होते. टाळ्या वाजल्या तेव्हा मीही वाजवल्या.

मास्तर, मुलगी आणि तिची आई मुंबईहून परत आले तेव्हा स्टेशनवर कोणी गेलं नव्हतं. गावात बातमी आधीच पोचली होती. चार दिवस भाजीची पाटी आली नाही. पाचव्या दिवशी मुलीची आई एकटीच आली. तिने पाटी उतरवली आणि माझ्या आईने न विचारताच बोलायला लागली.

“फळीवर चढूच नाई देलं, माय. हे कपडे नाई चालत म्हने. मास्तर हात जोडू जोडू थकले. मंग एका बाईनं तिच्या पोरीचा कपडा देला. भली बाई होती. म्या हातात घेतला. ना बाही, ना घेर. आन् वर चारी बाजूनं मानसं बसेल व्हते. पोरगी म्हने, आई, घालू दे, एकच उडी हाये, पान्यात गेल्यावर कोन पाह्यते. म्या म्हनलं, नाई. बाप काय म्हनन, गाव काय म्हनन, एकदम काई सुचलंच नाई. मले कोनं आंधी सांगतलं असतं, तं मनाले समजावलं असतं. रडली असती, पन समजावलं असतं. तिथं उभ्या उभ्या कसं समजावू?”

माझी आई “खरं हाये व बाई” म्हणाली. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. तिथून मी मागच्या मागे आत गेले आणि धुतलेले तांदूळ पुन्हा धुवायला घेतले.

आखाजीचं लग्न ठरलं. खाली गाड्यांतून आता नवं बोलणं ऐकू येई. “मास्तरनं कापूस खाल्ला, बे. ममई पाहून आला आपल्या जिवावर.” कोणी तरी पायरीजवळची रिकामी गोणी उचलून नेली. मास्तर आमच्या दुकानासमोरून जाताना पलीकडच्या कडेने जाऊ लागले.

मग एका दुपारी ते स्वतःच आले. हातात कोरे कागद होते. दाढी वाढलेली. वडिलांनी मला खाली बोलावलं. तेच शेटजी, तेच मुनीम. मुलगीही आली होती, मास्तरांनी बोलावली म्हणून. दाराच्या चौकटीला टेकून, दोन्ही पायांवर उभी.

“इंग्रजीत कडक लिवा,” मास्तर मला म्हणाले. “लिवा, का तुमी आमाले पोशाखाचं काईच कळोलं नाई. गरीब पोरीचं नुकसान केलं. गावानं मूठ मूठ कापूस जमा केला, त्याची माती केली. लिवा, का मी बत्तीस वर्सं नोकरी केली, पन अशी फसवनूक पाह्यली नाई. त्याची एक नक्कल मले द्या. मी ते चावडीवर लावतो.”

“लिव, बाई,” वडील म्हणाले. “मुंबईवाले म्हून काय झालं! आपल्यालेबी इंग्रजी येते.”

मुनीमांनी दौत पुढे सरकवली. मी लेखणी बुडवली. वर तारीख लिहिली, ‘महोदय’ या अर्थाचा शब्द लिहिला, त्यापुढे स्वल्पविराम दिला. पुढचं वाक्य इंग्रजीत माझ्या डोक्यात तयार होतं, चांगलं, सभ्य, चुकीशिवायचं. ते लिहिलं असतं तर मास्तरांचं नाव राहिलं असतं, वडिलांचा मान राहिला असता. मुंबईतल्या कुठल्या तरी कारकुनाने खांदे उडवून ते फाईलला लावलं असतं.

दारातून मुलगी म्हणाली, “ताई, खाली असंबी लिवा ना, का मले अजून एक डाव बलवा म्हना. मी तो कपडा घालीन. आई हो म्हन्ते आता.”

तिच्या आईने हो म्हटलं होतं. पण आखाजीला अठरा दिवस होते, आणि स्पर्धा होऊन गेली होती. मी लेखणी खाली ठेवली. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी पहिल्यांदाच खाली पाहिलं नाही.

“त्यांनी कळवलं होतं,” मी म्हणाले. “पोशाखाचं सगळं त्या पत्रात लिहिलं होतं. मला तुमच्यासमोर वाचायची लाज वाटली, म्हणून मी ती ओळ सोडली. मास्तरांची काही चूक नाही. पत्र वर माझ्या ट्रंकेत आहे.”