अण्णांना बेंगलोरला पाठवलं नाही

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा आमच्या बेळगावच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारं लेथ मशीन आलं. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "मशीनचं इंजिनियर बघतील. तुम्ही माणसं सांभाळा. कुणी बिथरता कामा नये." मी सुपरवायझर. माणसं सांभाळायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात आधी मीच बिथरलो होतो.

मला मुख्य काळजी अण्णांची. शहापुरातनं सायकलीवर येणारे, पन्नाशी उलटलेले टर्नर. लेथवर काम करायला मला त्यांनीच शिकवलेलं. नुसत्या बोटानं चाचपून मापातली चूक सांगायचे. पण नव्या मशीनची सगळी बटणं इंग्रजी आणि अण्णा चौथी शिकलेले. म्हटलं, या वयात त्यांच्या डोक्याला ताप नको. बेंगलोरच्या ट्रेनिंगच्या यादीतनं मी त्यांचं नाव काढलं आणि वर मोठेपणानं सांगितलं, "अण्णा, तुम्ही निवांत राहा. तुमचं जुनं लेथ तुमच्याकडंच."

"बरं सायेब," म्हणाले. आजवर मला 'लेका' म्हणणारा माणूस! मला वाटलं, मान देताहेत. काय अक्कल म्हणायची माझी!

पुढं अण्णांचं बिनसतच गेलं. कधी न चुकणारा माणूस चुकायला लागला, चांगले चांगले शाफ्ट वाया जायला लागले. रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, टेन्शन आहे. मी त्यांचं काम कमी केलं, रात्रपाळी काढली, कुणी त्यांना काही बोलायचं नाही अशी सगळ्यांना ताकीद दिली. जितकं जपावं तितका माणूस खंगत चाललेला. बेंगलोरला जाऊन आलेले दोघं मशीनला शिव्या घालत होते, पण खुशीत होते. मला काही म्हणजे काही कळेना.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला आमच्याकडं जो तो आपापल्या मशीनची पूजा करतो. नव्या मशीनला पहिलं कुंकू अण्णांनी लावावं, असं मी ठरवलं. तेवढाच मान, माणूस खूश होईल. नारळ मात्र दाराबाहेर फोडा, आत पाणी उडायला नको, असं इंजिनियरनं बजावलेलं. मालकांसकट सगळे गोळा झाले. मी पूजेचं ताट पुढं केलं, तर अण्णांनी ते धरलंच नाही.

"ज्याला मी हात लावायचा न्हाय, त्याला कुंकू कशाला लावू रं?"

"अण्णा, तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"तरास व्हईल का न्हाय ते ठरिवणारा तू कोण? येकदा तरी इचारलंस, अण्णा, बेंगलोरला जातासा का म्हणून?"

मला रागच आला. इतकं करूनसवरून वर बोलणी मीच खायची! पण विचारलं नव्हतं, हे खरंच होतं. शेवटी मी सगळ्यांसमोर विचारलं, "अण्णा, जातासा का बेंगलोरला?"

"न्हाय."

मी खुळ्यासारखा बघत राहिलो. "मग एवढं मनाला का लावून घेतलंसा?"

"न्हाय म्हणायला तरी मिळाय पायजे हुतं का न्हाय मला?" अण्णा म्हणाले, आणि डोळे पुसून त्यांनी माझ्या हातातलं ताट घेतलं.