बावीस नंबरचे रिबाउंड

आम्ही नवरा-बायकोनं शेवटचं काय केलं, तर टीव्हीवर बास्केटबॉलची मॅच बघितली. अमेरिकेतली. तिकडं रात्र असते, आपल्याकडं सकाळचे साडेसहा. लोकांची शेवटची आठवण देवदर्शनाची असते, नातवाच्या बारशाची असते. आमची ही. हसायचं त्यानं हसावं.

बायको उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका शाळेत मावशी होती. वर्ग झाडायचे, घंटा द्यायची, पोरगं पडलं की हळद लावायची. खेळाच्या मास्तरांना मॅच लिहायला माणूस मिळत नव्हता, कारण पोरं लिहिता लिहिता उठून नाचायची. मावशी जागची हलत नाही म्हणून तिला टेबलावर बसवली. सातवी शिकलेली बाई, पण कुठल्या नंबरनं किती बास्केट टाकल्या, किती फाउल केले, किती रिबाउंड घेतले, सगळं रेघांत मांडायला शिकली. नेम चुकला, चेंडू रिंगवरून उडाला, की उडी मारून जो धरतो त्याचा तो रिबाउंड. त्याच्यापुढं एक रेघ. हे तिनं मला शंभर वेळा सांगितलं. मी शंभर वेळा म्हणालो, मला काय करायचंय.

रेघा मीही मारल्यात. चौथी शिकून अंबरनाथ एमआयडीसीत रंगाचे डबे भरायच्या कंपनीत होतो. चार उभ्या, एक आडवी, झाले पाच खोके. पण आमचा कागद शिफ्ट सुटायच्या आधीच भरून व्हायचा, नाहीतर रिक्षा भरून निघून जायच्या. शेवटच्या तासाचा आकडा अंदाजानं ठोकायचा, सगळ्या मशिनींना सारखा वाटून. सगळेच ठोकायचे. सुपरवायझरला माहीत होतं. कुणाचं काही बिघडलं नाही.

दोघं रिटायर झालो, चिखलोलीला राहायला आलो. मुलानं टीव्हीला नेट जोडून दिलं आणि हिला या मॅचा सापडल्या. सकाळी उठून वही घेऊन बसायची. मॅच संपली की टीव्हीवर तक्ता येतो, प्रत्येक नंबरपुढं त्याचे आकडे. तो तक्ता आणि तिची वही एक एक करून लावून बघायची. "जुळलं," म्हणायची आणि मग पोहे. जुळलं नाही तर मॅच मागं घ्यायची, चूक शोधायची. तोवर मी उपाशी.

तिचा एक आवडता होता, निळ्या बनियनवाल्या टीमचा बावीस नंबर. टक्कल पडलेला, गुडघ्याला पट्टा. बास्केट कधी टाकायचा नाही. नुसता रिंगखाली उभा राहून दुसऱ्यांचे चुकलेले चेंडू धरायचा आणि पोरांच्या हातात द्यायचा.

"बघा," ती म्हणायची, "तुमच्यासारखाच गुडघा आहे. पण उठतोय."

"त्याला पैसे मिळतात उठायचे."

"तुम्हाला चहा मिळतो. तरी उठत नाही."

रोज सकाळी त्या टकल्यावरून मला टोमणे. मी त्याचा दुस्वास करायचो. खोटं कशाला बोलू.

मॅचचे चार भाग, त्यांना क्वार्टर म्हणतात. त्या दिवशी तीन क्वार्टर तिनं लिहिले. चौथ्याच्या आधी जाहिराती लागल्या तेव्हा म्हणाली, "मला कसंतरी होतंय. पडते जरा. शेवटचा तुम्ही लिहा. आणि कंपनीसारखं लिहू नका."

आत जाऊन आडवी झाली. मला वाटलं, पित्त. मी वही मांडीवर घेतली. चार-दोन रेघा मारल्या असतील तेवढ्यात खाली स्कूटर लागल्याचा आवाज आला. तळमजल्यावरचा माणूस रोज जिन्याच्या तोंडाशी गाडी लावतो. मी खिडकीत गेलो.

"ए, जिना काय तुझ्या बापाचा आहे?"

"काका, पाच मिनिटं. सकाळी सकाळी डोकं नका खाऊ."

"पाच मिनिटं काल पण बोललास. ती काय अजून संपली नाहीत?"

बोलाचाली वाढत गेली. बाया गॅलरीत आल्या. मला बरं वाटत होतं भांडायला, अंग गरम झालं होतं. परत येऊन बसलो तेव्हा मॅच संपलेली. तक्ताही येऊन गेलेला.

मी वही भरली. कंपनीसारखी. सगळ्यांना दोन दोन, तीन तीन रेघा. बावीससमोर आलो आणि शून्य काढलं. मुद्दाम. मोठं, गोल.

तिनं पडल्या पडल्या वही डोळ्यांजवळ धरली. बाकीचं वाचलंच नाही.

"बावीसला शून्य?"

"शून्य. बाकावर बसून होता."

"पूर्ण क्वार्टर?"

"म्हातारा झालाय तो. बसवला त्याला. किती दिवस नाचवणार?"

"अहो, बाकीचं काय लिहिलंत ते मला कळतंय. फक्त याचं खरं सांगा."

"खरंच सांगतोय. तू काय मला खोटारडा समजतेस?"

तिनं वही उशाखाली सारली. "बसवला असेल तर बसवला," म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं. पोहे मीच केले, कच्चे राहिले. तिनं खाल्ले नाहीत. मला वाटलं रुसलीय, रुसू दे. दुपारी जेवायला उठवायला गेलो तर हात गार. रिक्षात घालून दवाखान्यात नेली. डॉक्टरनं दोन मिनिटांत चादर वर ओढली.

दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. खाली उतरवताना स्कूटर जिन्यात नव्हती. त्या माणसानं आधीच हलवली होती आणि खांदाही दिला. मी त्याच्याशी बोललो नाही. अजून बोलत नाही. तो भांडला नसता तर मी जागेवर असतो, असं मी स्वतःला सांगून बघितलं. टिकलं नाही. खिडकीत मी गेलो होतो. शून्य मी काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं. चूल बंद, शेजारून पिठलं-भाकरी आलेली. जिथं तिला ठेवली होती तिथं ताटात पीठ पसरून, त्यावर दिवा लावून टोपली झाकलेली. आमच्यात असं करतात. सकाळी टोपली काढून पिठात पाऊल उमटलंय का बघायचं, गेलेला कुठल्या जन्माला गेला ते कळतं म्हणे. माझी थोरली बहीण बदलापूरकडच्या गावात असते, ती चार बायकांना घेऊन ताटाभोवती वाकली.

"चिमणीचा पाय आहे," ती म्हणाली.

"मुंगी गेलीय, आत्या," आमचा मुलगा म्हणाला.

"मुंगीचा पाय एवढा असतो व्हय रे?"

मी उशाखालची वही काढली, पेन्सिल घेतली आणि टीव्ही लावला. जुनी मॅच परत कशी लावायची ते तिनंच शिकवलं होतं. रिमोटवरचं घराचं चित्र दाबायचं, मग खाली, खाली, उजवीकडं. निळे-पिवळे धावायला लागले, शिट्टी वाजली, सगळ्या बायका वळल्या.

मुलानं रिमोटला हात घातला. "बाबा, बंद करा. लोक काय म्हणतील?"

"हात लावशील तर तोडीन."

"अरे येड्या," बहीण ओरडली, "बायकोची राख गरम आहे अजून. सुतकात बॉलचा खेळ बघतोस?"

"तू पिठात बघतेस ते काय आहे? तुझं तू बघ, माझं मी बघतो."

"मेलीचं नशीब, असला नवरा."

"हो. असलाच होता. आता गप बस."

कुणीतरी म्हणालं, धक्का बसलाय, राहू द्या. मला धक्काबिक्का काही नव्हता. मला चौथा क्वार्टर बघायचा होता.

सुरुवातीला बावीस खरंच बाकावर होता, खांद्यावर टॉवेल. मला हायसं वाटलं, हेही लिहून ठेवतो. मग टॉवेल काढला आणि लंगडत आत आला. पहिला चेंडू त्यानं दोघांच्या डोक्यावरून ओढला. मी रेघ मारली. मग दुसरा. एक हातातून निसटला, तो नाही धरला. शेवटी शेवटी आणखी दोन. चार रेघा. फाउलबद्दल मिळालेले फ्री थ्रो दोन्ही चुकले, एकही पॉइंट नाही. निळे हरले. तक्ता आला तिथं मी चित्र थांबवलं. बावीसपुढं रिबाउंड नऊ. वहीत तिच्या तीन क्वार्टरच्या रेघा मोजल्या, पाच. पाच आणि माझ्या चार.

"जुळलं," मी म्हणालो. मोठ्यानं निघालं तोंडातून. बहीण तोंडाला पदर लावून रडायला लागली.

शून्य खोडायला रबर शोधलं, सापडलं नाही. ते तसंच ठेवून त्याच्यावरून चार रेघा ओढल्या. मग बाकीचे नंबर तक्त्याला लावले. एकही जुळेना. जुळतील कसे, सगळ्यांना सारखं वाटलेलं. म्हणून क्वार्टर परत पहिल्यापासून लावला. टोपलीपाशी बसलेल्या बायकांना म्हणालो, आवाज कमी करा. आणि सात नंबरपासून सुरुवात केली.