श्वास उरू न देणारा

दोन बोटं स्वतःच्या गळ्यावर ठेवून तो विचारायचा, "इथवर आलं का?"

धावून आलेली पोरगी कमरेत वाकलेली असायची. तिला बोलता यायचं नाही. तिने मान हलवली की तो म्हणायचा, "दाखव." म्हणजे ओकून दाखव. ओकली तर तो टाळी वाजवायचा आणि तिला सावलीत बसू द्यायचा. नाही ओकली तर बोट मैदानाकडे. "जा. अजून बाकी आहे तुह्यात."

आपल्याकडे प्रत्येक तालुक्याला असा एक माणूस असतो. तुम्हीही पाहिला असेल. गळ्यात शिटी, डोक्यावर उडालेल्या रंगाची टोपी. पोलीस भरतीची, वनरक्षक भरतीची हवा सुरू झाली की खेड्यापाड्यांतली पोरं-पोरी त्याच्याकडे येऊन खोल्या करून राहतात आणि पहाटेपासून मैदानाला चकरा मारतात. आमचा हा ब्रह्मपुरीकडचा. मी त्याच्या मेसमध्ये स्वयंपाकाला होते. तोंडावर त्याला सर म्हणायचे. मनात तो म्हणायचे. इथेही तोच म्हणणार आहे.

त्याची शिकवण सोपी होती. एक चक्कर जोरात मारायची, थोडं चालायचं, पुन्हा एक जोरात, पुन्हा चालायचं. त्याला तिथे रिपीट म्हणत. आता किती जोरात, यावरच सगळं आहे. त्याच्या मते प्रत्येक चक्कर शेवटची समजून मारायची. "श्वास घरी घेऊन जाता काय? त्याचं लोनचं घालता?" असं तो ओरडायचा. पोरं हसायची आणि हसता हसता धावायची.

माझ्या चहाची किटली मी मैदानाच्या कडेला मोहाच्या झाडाखाली ठेवायचे. तिथून सगळं दिसायचं. मला कोणाशी बोलायला जमत नाही, त्यामुळे पाहण्याचीच सवय.

पहिल्या महिन्यात मला एक कोडं पडलं होतं. पहाटे पोरी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या. "मावशी, कालचा भात आहे का?" मी म्हणायचे, "उपाशी धावा ना वं, खाऊन धावलं की पोटात गोळा येईल." तरी त्या दोन घास ताकाबरोबर गिळून जायच्या. मग एके दिवशी झाडामागे गेले तर एक पोट्टी घशात बोट घालून उभी. मला पाहून दचकली. मग म्हणाली, "मावशी, सांगजो नको. पोटात काई असंल तरच निघते ना. नाईतर तो बसू देत नाई."

सगळ्यांनीच हे शिकून घेतलं होतं. चार चांगल्या चकरा मारायच्या, जीव थोडा राखायचा, आणि मग झाडामागे जाऊन बोट घालायचं. तो टाळ्या वाजवायचा. मला हसू यायचं. एवढा मोठा मास्तर, आणि पोरी त्याला शिळ्या भाताने फसवतात.

माझी मोठी पोरगी मात्र बोट घालत नसे. तीही त्याच्याकडेच धावायची. वनरक्षकाची भरती हेच तिचं एक वेड. आमच्या घरी तलावातली मासेमारी आणि धानाची मजुरी, याच्या पलीकडे कोणी गेलेलं नाही. तिला खाकी घालून जंगलात जायचं होतं. तिला दम होता. रिपीटमध्ये ती मुलांच्या मागोमाग असायची आणि तरी तिला ओकारी यायची नाही.

मी तिला एकदा हळूच म्हटलं, "तूही घाल ना बोट."

"माह्याच्यानं खोटं ओकणं होत नाई, माय."

म्हणून काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. ज्या पोरी थकल्या नव्हत्या त्या सावलीत बसल्या. जी खरी धावली ती धावतच राहिली. "हिच्यात बाकी आहे," असं म्हणून तो तिला एक चक्कर जास्त द्यायचा, मग अजून एक. सावलीतल्या पोरी खाली मान घालून गवत उपटत बसायच्या.

वाईट माणूस होता, असं लिहून मला मोकळं होता आलं असतं. तसा तो नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. एका दुपारी तो मेसमध्ये येऊन माझ्यासमोर लसूण सोलत बसला. स्वतःहून बोलू लागला. तरुणपणी तोही भरतीला उतरला होता. अगदी थोडक्यात राहिला. "बाई, रेषा पार केली आन् मी उभाच होतो. बाकीचे पडले होते जमिनीवर. मले तं गप्पा मारता आल्या असत्या. म्हणजे माह्यात अजून होतं ना! ते मी काऊन नाई दिलं?" बोलताना त्याने लसणाची पाकळी दाबून फोडली. मी चुलीकडे वळले. फोडणी करपत होती.

तेव्हा मला त्याची दया आली होती. पुढे ती मी परत घेतली.

पोरीची नडगी दुखू लागली. आधी धावल्यावर, मग चालताना, मग झोपेतही. ती त्याला सांगायला गेली तेव्हा मी किटली धुत होते. तो म्हणाला, "हाड दुखते म्हणजे मजबूत होऊन राह्यलं." ती म्हणाली, "सर, एकाच जागी दुखते. बोट ठेवलं की कळ येते." तो म्हणाला, "ग्राउंड जवळ आलं की सगळ्यायलेच दुखते. नाटक नको करू."

त्याच सकाळी तिसऱ्या चकरेत ती वळणावर बसली. पडली नाही, बसली, जशी बाई ओझं उतरवून बसते तशी. मी धावत गेले. तिला पाय टेकवता येत नव्हता.

आता पाहा, हाच माणूस तिला पाठीवर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत गेला. धापा टाकत गेला. जीप थांबवली, दवाखान्यात बरोबर आला, तिच्यासाठी पाण्याची बाटली आणली. आणि वाटेत पूर्ण वेळ, ती त्याच्या पाठीवर रडत असताना, काय म्हणत होता? "अजून एक निघाली असती. तुह्यात होती अजून एक."

मी मागे तिची चप्पल हातात घेऊन चालत होते. त्याच्या मानेकडे पाहत होते. तेव्हा माझ्या मनात जे आलं ते मी लिहिणार नाही. पण ते अजून गेलेलं नाही.

हाडाला चीर गेली होती. त्या वर्षीचं ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी परीक्षा, आली तेव्हा ती प्लास्टर घालून खाटेवर होती. बोट घालणाऱ्या पोरींपैकी दोघी भरतीत लागल्या. त्यांचं मला दुःख नाही, त्यांनी जीव राखला. माझ्या पोरीचं वय सरत आलं होतं. वयाच्या अटीत आता फक्त पुढची एक भरती बसत होती. मी मेसची किल्ली त्याच्या टेबलावर ठेवून आले. तो म्हणाला, "काऊन बाई, काय झालं?" त्याला खरंच कळलं नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई नव्या होत्या, स्वतः धावणाऱ्या. त्यांनी पोरीला सांगितलं, "शेवटची चक्कर पहिलीसारखीच निघायला हवी. निघत नसेल तर आधीच्या जास्त जोरात मारल्या. एक चक्कर अंगात शिल्लक ठेवूनच घरी जायचं. हाड त्या शिलकीवर भरतं." पोरगी विचारत होती, "पण कळणार कसं, मॅडम?" त्या म्हणाल्या, "पुढची चक्कर सुरू करायच्या आधी कोणाशी तरी एक पुरतं वाक्य बोल. बोलता आलं तर धाव. नाही आलं तर थांब, आणखी चाल. तरी नाही आलं, तर त्या दिवशीचं संपलं."

पाय बरा झाल्यावर ती आमच्या तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, धावू लागली. जंगलाच्या रस्त्याने धावायचं तर वाघाची भीती. पाळीच्या एका टोकाला मी बसायचे. वाक्य बोलायला तिला माझ्याशिवाय दुसरं कोण होतं?

"माय, काल भाजीत मीठ लय झालं होतं."

"जा, धाव."

"माय, बाबा जाळं विनते तवा गाणं म्हनते, आयकलं का तू?"

"आयकलं. जा."

"माय, मले... तू..."

"चाल गुमान. अजून चाल."

तिला वाटायचं ती स्वतःला तपासते आहे. मला वाटायचं पोरगी माझ्याशी बोलते आहे. लहानपणापासून आम्ही दोघी इतक्या कधी बोललो नव्हतो. घरी मी गप्प, तीही गप्प. एके दिवशी चक्कर मारून येऊन ती म्हणाली, "माय, मले त्या सरचा राग नाई येत आता." मी म्हटलं, "तुले नसंल. जा."

पुढच्या भरतीत ती लागली. ग्राउंडवर पडली नाही, ओकली नाही. रेषा पार करून उभी राहिली आणि मला शोधू लागली. यादीत नाव आल्याचं तिने फोनवर सांगितलं तेव्हा मी धान निंदत होते. बांधावर जाऊन बसले. हात चिखलाचे होते म्हणून डोळे पुसता आले नाहीत.

आणि आठवड्याने बाजाराच्या दिवशी ब्रह्मपुरीच्या चौकात मी तो फ्लेक्स पाहिला. मधोमध तो, शिटी घातलेला. भोवती लागलेल्या पोरापोरींचे फोटो. आणि त्याच्या खांद्याला अगदी चिकटून माझी पोरगी. कोणाच्या तरी मोबाईलमधून फोटो उचललेला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आमच्या मेहनतीचं फळ'. चौथीपर्यंत शिकले आहे. तेवढं वाचता आलं.

मी रस्त्याने खाली पाहून चालणारी बाई आहे. दुकानदाराला भाव विचारायचा तरी दुसऱ्या बाईने विचारायची वाट पाहते. त्या दिवशी माझ्या पिशवीत नुकताच धार लावून आणलेला विळा होता. फळवालीचं रिकामं खोकं उचललं, फ्लेक्सखाली पालथं घातलं आणि वर चढले.

"अवं बाई, काय करून राह्यली?" फळवाली ओरडली.

मी कापत होते. पोरीच्या डोक्यावरून, कानावरून, खांद्यावरून. विळा धान कापायला चांगला, फोटो कापायला वेडावाकडा जातो. लोक जमले. कोणीतरी त्याला बोलावून आणलं असावं, कारण पाठीमागून त्याचाच आवाज आला.

"बाई, हे काय?"

"माह्यी पोरगी घेऊन चालली मी."

"तिले मीच घडवलं ना, बाई."

मी वळले. एवढ्या माणसांपुढे मी जन्मात पहिल्यांदा बोलले. "मोडली तुमी, सर. जोडली दुसऱ्यानं. धावली ती. फोटो तुमचा कसा?"

त्याने वर फ्लेक्समधल्या भोकाकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या तुकड्याकडे पाहून हळूच म्हणाला, "माहा कान तरी सोडा."

खरंच, पोरीबरोबर त्याचा अर्धा कान निघून आला होता. लोक हसले. फळवाली तर पोट धरून हसली. त्याच्या तोंडावरही हसू येऊ पाहत होतं, आणि क्षणभर मला तो लसूण सोलणारा माणूस दिसला. पण मी हसले नाही. तुकडा गुंडाळून पिशवीत टाकला आणि खोकं जागेवर ठेवून निघाले.

तो फ्लेक्स त्याने काढला नाही. पूर्ण पावसाळा भोक पडलेला तसाच लटकत होता. ब्रह्मपुरीला पोरी घेऊन येणाऱ्या बाया फळवालीला विचारायच्या, "इथली पोरगी कुठी गेली?" आणि फळवाली चवीने सगळं सांगायची. बाया ऐकायच्या आणि पोरींना परत घेऊन जायच्या. असं कळायचं त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खायचे. त्याने तो का काढला नाही, हे मला आजवर समजलेलं नाही. समजून घ्यायचंही नाही.

मेस बंद झाली. खोल्या रिकाम्या झाल्या. तो बहिणीकडे सिरोंच्याला जाणार असं ऐकलं.

त्याच सुमारास मी पोरीला भेटून परत येत होते. ती गडचिरोलीकडच्या जंगलात नेमणुकीवर होती. आमची काळीपिवळी जीप सवाऱ्या भरायला मैदानाच्या कोपऱ्यावर थांबली. खिडकीतून पाहिलं तर मैदानात तो एकटा. शिटी नाही, टोपी नाही. पोट सुटलेलं. धावत होता. एक चक्कर जोरात मारली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला, खोकला, आणि उभा राहायच्या आत पुन्हा पळत सुटला. कोणी ओरडणारं नव्हतं. तरी कोणीतरी ओरडत असल्यासारखा तो पळत होता.

"बसा मावशी, निघतो आता," ड्रायव्हर म्हणाला.

"थांब जरा," मी म्हटलं.

मला तो पडलेला पाहायचा होता. वळणावर त्याचा पाय वाकडा पडला, मी खिडकीची दांडी घट्ट धरली. पण तो सावरला. मग पुन्हा एक. मैदानात चिटपाखरू नव्हतं. पडला असता तर पाठीवर घ्यायला कोणी नव्हतं.

जीप सुटली. तो अजून धावतच होता. पुढे काय झालं मला माहीत नाही. पडला असावा, असं मी धरून चालते.