चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

मुलगी सोळा वर्षांची होती. तिला चीनला परत पाठवायचं की मस्कतमध्ये ठेवायचं, हे इंग्रजीच्या एका सराव परीक्षेवर ठरणार होतं.

वडील ओमानच्या किनाऱ्यावर एका चिनी कंपनीच्या बांधकामावर इंजिनिअर होते आणि फक्त सुट्टीला घरी येत. आई मस्कतच्या बौशर भागातल्या फ्लॅटमध्ये राहायची. मुलगी लहानपणापासून चीनमध्ये आजीकडे वाढली. आईवडिलांकडे राहायला येऊन तिला जेमतेम दोन वर्षं झाली होती. दरम्यान आजी आपल्या धाकट्या मुलाकडे गेली आणि ते घर बंद झालं. त्यामुळे परत जाणं म्हणजे वसतिगृहात राहणं. मस्कतमध्ये राहायचं, तर इंग्रजी माध्यमाच्या शाळेत अकरावीला प्रवेश मिळायला हवा होता. त्या प्रवेश परीक्षेचा मोठा भाग उतारे वाचून उत्तरं देण्याचा होता. वडिलांनी निर्णय सोपा करून ठेवला होता. ती जायची त्या क्लासनं सराव परीक्षेच्या गुणांवरून शिफारस केली तर ती परीक्षेला बसेल. नाही केली तर उन्हाळ्यात परत जाईल.

तो क्लास बौशरमध्येच एका औषधांच्या दुकानावर होता. तिथे मी वाचन शिकवायचे. त्याआधी पुण्यात एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर बरीच वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेल्या बातम्या कापण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली होती. नवऱ्याची नोकरी मस्कतला आली तेव्हा डेस्क सुटलं. शिकवण्याची पदवी माझ्याकडे नव्हती आणि क्लासच्या मालकांना ते माहीत होतं. ते रत्नागिरीकडचे. पूर्वी मस्कतच्याच रुवी भागात त्यांचं विमान तिकिटांचं दुकान होतं. मला कामावर घेताना ते म्हणाले होते, "पदवी भिंतीवर लावायला बरी असते ओ मॅडम. चिनी पालकांना भिंत नाय दाखवायची, रिझल्ट दाखवायचा."

वर्गात त्या मुलीला धरून पाच मुलं होती, सगळी चिनी, सगळ्यांचे वडील कुठल्या ना कुठल्या बांधकामावर. इंग्रजी शब्द त्यांना भरपूर येत होते. काही तर मीसुद्धा डेस्कवर कधी वापरले नव्हते. वाचण्याची त्यांची पद्धत मात्र ठरलेली होती. उतारा वाचायचाच नाही. आधी प्रश्न बघायचा, त्यातला मोठा शब्द हेरायचा, तो उताऱ्यात शोधायचा आणि ज्या वाक्यात सापडेल त्या वाक्याशी जुळणाऱ्या पर्यायावर खूण करायची.

"पूर्ण उतारा कधी वाचता?" मी पहिल्या आठवड्यात विचारलं.

"वेळ जातो, टीचर," वर्गातला सगळ्यात उंच मुलगा म्हणाला. बोलण्याचं काम बहुतेक तोच करायचा.

"मग कळतं कसं?"

"कळायची गरज नाही. उत्तर यायची गरज आहे."

ही पद्धत अगदीच चुकीची होती असं म्हणता येणार नाही. पूल कधी बांधला, पक्षी कुठून येतात, असल्या प्रश्नांना ती पुरायची. लेखकाला काय वाटतं, असा प्रश्न आला की पाचही जण एकत्र चुकायचे, आणि पाचही जणांची चूक सारखीच असायची.

मी त्यांना डेस्कवरची सवय लावायला सुरुवात केली. बातमीत वाक्य आलं की डेस्क पहिला प्रश्न विचारतं, हे कोण म्हणतंय? रस्ता उत्तम झाला, हे ठेकेदार म्हणत असेल तर ती एक गोष्ट. रस्त्यावरून रोज जाणारा म्हणत असेल तर वेगळी. बातमीदार स्वतःच म्हणत असेल तर त्याला बोलावून घ्यायचं. मुलांनी उताऱ्यातल्या प्रत्येक वाक्यापुढे ते कोणाचं आहे हे पेन्सिलीनं लिहायचं, असा नियम मी केला.

उंच मुलाला हा खेळ आवडला. "टीचर, सूर्य पूर्वेला उगवतो. कोण म्हणतंय?"

"भूगोलाचं पुस्तक."

"पुस्तक चुकलं असेल तर?"

"तर उद्या लवकर ऊठ आणि बघ."

बाकीचे हसले. मुलगी हसली नाही. ती पेन्सिलीनं लिहीत होती.

एक अडचण मला उशिरा कळली. डेस्कवर नव्या माणसाला मुद्दाम चुका पेरलेली बातमी देतात, तसं मी एकदा फळ्यावर मुद्दाम चुकीचं उत्तर लिहिलं. पाचही जणांनी ते वहीत उतरवून घेतलं. तास संपताना मी सांगितलं, की हे उत्तर चूक होतं.

"दिसलं होतं," मुलगी म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

तिच्या वतीनं उंच मुलगा म्हणाला, "टीचरची चूक काढली तर टीचरचा अपमान होतो. अपमान झाला की टीचर रागावते. रागावली की होमवर्क वाढतो."

"इथे चूक दिसूनही बोलला नाहीत तर होमवर्क वाढेल," मी म्हटलं आणि तसं केलं. पुढच्या महिन्याभरात उंच मुलानं माझ्या चार-पाच चुका काढल्या. त्यातल्या दोन मी पेरलेल्या नव्हत्या. मुलगी मात्र बोलत नसे. तिला चूक दिसली की तिची पेन्सिल तेवढी थांबायची. ती थांबली की मी फळ्याकडे वळून माझं वाक्य पुन्हा वाचायचे.

सराव परीक्षेचा पेपर मालकांनी बाहेरून मागवला होता. उत्तरतालिका त्याच्यासोबतच आली. मुलगी शिफारशीच्या रेषेपासून एका गुणानं खाली राहिली. मी तिचा पेपर घेऊन बसले. बाकीच्या चुका तिच्याच होत्या. चौदाव्या प्रश्नाची नव्हती.

उतारा एका किनारी गावावरचा होता. गावात नवं बंदर झालं. एक अधिकारी सांगतो, बंदर आधुनिक आहे, सोयीचं आहे, गावाचं भविष्य उजळलं. एक म्हातारा कोळी म्हणतो, "मोठं काम आहे." मग लेखक त्याच्या अंगणाचं वर्णन करतो. होडी पालथी घातली आहे आणि तिच्या सावलीला कोंबड्या बसल्या आहेत. उतारा तिथेच संपतो. प्रश्न असा होता, की या बदलाबद्दल लेखकाला काय वाटतं? तालिकेनुसार उत्तर होतं, लेखक बदलाचं स्वागत करतो. मुलीनं खूण केली होती, लेखक साशंक आहे.

मी तिला तासानंतर थांबवलं. "हे उत्तर का दिलंस?"

"चुकलं, टीचर. माफ करा."

"चुकलं का ते मी विचारलं नाही. का दिलंस?"

तिनं उतारा जवळ ओढला. तिच्या पेन्सिलीच्या खुणा समासात होत्याच. "आधुनिक, सोयीचं, उजळ, हे सगळं अधिकारी म्हणतो. लेखक काहीच म्हणत नाही. तो फक्त होडी दाखवतो." तिनं शेवटच्या ओळीवर पेन्सिल टेकवली. "होडी पालथी आहे. कोंबड्यांना सवय झालीय. म्हणजे खूप दिवसांपासून पालथी आहे."

कोंबड्यांची सवय माझ्याही लक्षात आली नव्हती.

"मग उत्तर बरोबर आहे," मी म्हटलं.

"पण तालिका वेगळं सांगते."

"तालिका चुकली आहे."

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग दाराकडे. कोणी ऐकत नाही ना, हे ती बघत असावी.

मालक त्यांच्या खोलीत चहा पीत होते. मी पेपर पुढे ठेवला. त्यांनी उतारा शांतपणे पूर्ण वाचला. वाचून झाल्यावर म्हणाले, "आमच्या गावात अशी जेटी झाली. माझ्या चुलत्याची होडी पण तशीच पालथी आहे. पोरीचं बरोबर आहे, मॅडम. शंभर टक्के."

"मग गुण द्या."

"तो नाय देता येणार."

"का?"

"आज हिला दिला की उद्या सगळे आईबाप दारात. ह्याला पण द्या, त्याला पण द्या. तालिका म्हणजे तालिका. खलास."

"सगळ्यांचा चौदावा प्रश्न तपासा. ज्याचं बरोबर असेल त्याला द्या."

"आणि पालकांना काय सांगू? आम्ही पैसे घेऊन चुकीची तालिका मागवली?" त्यांनी कप खाली ठेवला. "पुढच्या परीक्षेत बघू. इन्शाल्ला."

"पुढच्या परीक्षेच्या आधी तिचं विमान आहे."

"बापाचा निर्णय आहे तो. आपण कोण त्यात?"

"बापानं निर्णय तुमच्या कागदावर घेतलाय. कागद चुकलाय, एवढं मी त्यांना सांगणार."

मालकांचा आवाज बदलला नाही. ते मुळातच भांडखोर नव्हते. "पालकांशी परस्पर बोलायचं नाय, हा नियम आहे. तुम्हाला पयल्या दिवशी सांगितला होता."

"तुमच्याकडे कामाला असलेल्यांसाठी आहे ना तो?"

"म्हणजे?"

"म्हणजे आजपासून मी कामाला नाही."

ते हसले. "बायको बोलत होती मला, पेपरवाल्या बाईला ठेवू नको, वाद घालील. मी बोललो, बातम्या कापणारी आहे, गप्प बसणारी असेल."

"पेपरात चूक छापली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतात," मी म्हटलं. "तुम्ही छापणार नसाल तर मी तोंडी सांगते."

"सांगा. पण मी पण सांगेन, की मॅडम आमच्या नाय."

"तेवढं जरूर सांगा."

शुक्रवारी दुपारी मी त्यांच्या फ्लॅटवर गेले. आईनं दार उघडलं. तिला इंग्रजी थोडंच यायचं. तिनं कलिंगडाच्या फोडी पुढे ठेवल्या आणि ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली. वडील साइटवरून आदल्या दिवशी आले होते, मान आणि हात उन्हानं रापलेले. मालकांचा फोन त्यांना येऊन गेला होता.

"तुम्ही आता त्या क्लासमध्ये नाही," ते इंग्रजीत म्हणाले.

"नाही."

"मग कोणाच्या वतीनं आलात?"

"पेपर घेऊन आले आहे. तो वाचा, मग मी जाते."

त्यांनी वाचला. शब्द अडला की फोनवर बघत. वाचायला बराच वेळ लागला. मुलगी भिंतीला टेकून उभी होती.

"मी असंच बंदर बांधतो," ते शेवटी म्हणाले. "तालिका बरोबर आहे. म्हातारा म्हणतो, मोठं काम आहे. हे कौतुक आहे."

मी बोलणार होते. त्याआधी मुलगी बोलली, आणि इंग्रजीतच बोलली. मला समजावं म्हणून असेल, किंवा उतारा इंग्रजीत होता म्हणून.

"मोठं आहे, एवढंच तो म्हणतो. चांगलं आहे असं म्हणत नाही."

"लोक खूश असतात. मी रोज बघतो."

"तुमच्या साइटवर कोणाला विचारलंत?"

आई दारातून चिनी भाषेत काहीतरी पटकन म्हणाली. गप्प राहा, असंच असणार, कारण मुलीनं तिच्याकडे बघून मान हलवली आणि ती गप्प राहिली नाही.

"साइटचं सोड," वडील म्हणाले. "उताऱ्यातलं बोल."

"उताऱ्यातही म्हाताऱ्याला कोणी विचारलेलं नाही. बंदर पाहिजे का, असं कोणी विचारलं नाही. मलाही विचारलं नाही."

तिचं शेवटचं वाक्य उताऱ्याबद्दलचं नव्हतं, हे वडिलांना माझ्याइतकंच कळलं असावं. त्यांनी पेपरची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा उतारा काढला. शेवटचा परिच्छेद ते दुसऱ्यांदा वाचत होते.

"तुला काय पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"इथे राहायचं आहे."

"क्लासची शिफारस नाही."

"शाळेच्या परीक्षेला शिफारस लागत नाही. फी भरली की बसता येतं. मी शाळेच्या वेबसाइटवर वाचलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. ते खरं होतं. शिफारशीची अट शाळेची नव्हती. ती क्लासची आणि वडिलांची होती.

"बस परीक्षेला," ते म्हणाले. "नापास झालीस तर जाशील."

"नापास झाले तर पुन्हा बसेन."

आईनं येऊन कलिंगडाची ताटली माझ्याकडे सरकवली. त्या घरात मी पहिल्यांदा काही खाल्लं ते तेव्हा.

परीक्षेपर्यंत ती माझ्या घरी येत राहिली. चौथ्या उताऱ्यानंतर उंच मुलगाही आला. क्लासमध्ये आता फळ्यावर कोणीच चुकत नाही म्हणून कंटाळा येतो, असं त्यानं कारण दिलं. मालकांचा मला एकदा फोन आला, नव्या तुकडीसाठी. मी चौदाव्या प्रश्नाचं काय झालं ते विचारलं. ते म्हणाले, तेवढं सोडून बोला. मी म्हटलं, तेवढंच बोलते. ते म्हणाले, यल्ला, चला, मग बसा घरी.

परीक्षेला दुसऱ्यांदा बसायची वेळ तिच्यावर आली नाही. शाळेनं तिला घेतलं.

शाळा सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी तिच्या आईचा फोन आला. आई काळजीत होती. मोजक्या इंग्रजीत तिनं मला सांगितलं, की मुलीनं आज भर वर्गात उभं राहून इंग्रजीच्या शिक्षिकेला सांगितलं, तुमचं उत्तर उताऱ्यात नाही.

"शिक्षिका काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"खाली बस, म्हणाल्या."

"मग?"

"बसली नाही."