मोटारीची येळवस

आमची विलायती मोटार वडिलांनी माझ्या जन्माआधी सोलापुरातून जुनी विकत आणली. तिचे सुटे भाग मिळायचे तेव्हाच बंद झाले होते. गेली काही वर्षं तिला जिवंत ठेवायचं काम माझ्या गळ्यात आहे. पंख्याचा पट्टा पिठाच्या गिरणीचा, पेट्रोलचा पंप भलत्याच गाडीचा, दाराची कडी लोहाराकडून घडवलेली. हौसेनं एक भाग थेट विलायतेहून मागवला, तर तो उलट्या बाजूचा निघाला. आमच्या तालुक्याच्या वाशीचा मेकॅनिक मला लांबून बघितलं तरी हात जोडतो.

"ताई, भंगारात घाला आता. गाडी न्हाय ही, सासुरवास हाय."

मी खरा सासुरवास सोसून, कायमची माहेरी परत आलेली बाई. मला तो काय सांगणार!

पण गाडी विकणं जमणार नव्हतं. वडिलांची आठवण जात चालली होती. आधी गावांची नावं गेली, मग सोयरे, मग आई वारली हेही गेलं. शेवटी मी गेले. सकाळी चहा दिला की ते अदबीनं विचारायचे, "बाई, तुमी कुणाच्या?" तेच मोटारीत बसवलं, इंजिन चालू केलं आणि ती सगळी थरथरायला लागली की म्हणायचे, "पोरी, दार आपटू नगं. हळू लाव."

बस्स, एवढंच. एवढ्यासाठी मी रोज संध्याकाळी त्यांना फाट्यापर्यंत फिरवून आणायची. तेवढा वेळ मी कुणाची तरी मुलगी असायची.

येळवशीला आमच्याकडं घरात कुणी थांबत नाही. मार्गशीर्षातली ही अवस, वेळ अमावस्या. बाजाराला कुलपं, गावं ओस, झाडून सगळे शेतात. रानात उभारलेल्या कडब्याच्या कोपीत पूजा, मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे आणि ताकातली ज्वारीच्या पिठाची आंबील. आंबिलीचा पहिला मान रानाचा, ती पिकावर शिंपडल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नाही.

यंदा भज्जीचं पातेलं मागच्या सीटवर ठेवताना वडील बॉनेट उघडून उभे दिसले. रेडिएटरात पाणी रोज तेच भरायचे. तेवढं काम हात विसरले नव्हते. आम्ही निघालो.

अर्ध्या वाटेत आंबूस वास सुटला. मला वाटलं, मागं आंबील सांडली. मग बॉनेटच्या फटींतून पांढरा फेस आला, आत कडकड वाजलं आणि गाडी जागीच थांबली. उघडून बघते तर रेडिएटरच्या तोंडातून आंबील उकळून ओघळत होती.

"दादा, ह्ये काय केलं तुमी?"

वडील उलट माझ्यावरच चिडले. "रानाला देतो, बैलाला देतो. हिनं जलमभर आपल्याला वाहिलं, हिला न्हाय का येळवस?"

मला हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं. शिव्या तरी कुणाला द्यायच्या? रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, अख्खा जिल्हा रानात जेवत होता. शेवटी शेजारच्या शेतातल्या माणसांनी बैल जुंपून मोटार घरी ओढत आणली.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं अंगणातच ती खोलली. रेडिएटरच्या नळ्यांत पीठ शिजून घट्ट बसलेलं, इंजिन तापून जाम झालेलं. या वेळी त्यानं हात जोडले नाहीत की चेष्टा केली नाही. पाने-पकडी गोळा केल्या आणि चहा न घेता गेला. मी काय ते समजले.

तरी संध्याकाळी मी वडिलांना मोटारीत नेऊन बसवलं. किल्ली फिरवली. टक्क झालं, पुढं काही नाही. पुन्हा फिरवली. मग मी माझ्या बाजूचं दार मुद्दाम आपटलं. उघडून पुन्हा आपटलं, काच हादरेल इतक्या जोरात.

ते जरा दचकले, माझ्याकडं वळले आणि फार नम्रपणे म्हणाले, "बाई, गाडी कधी निघायची? घरी माझी पोरगी वाट बघत आसंल."