पिलाची पापणी

अकोल्याला बदली झाली तेव्हा भाड्याच्या खोलीत मी आणि कुत्र्याचं एक पिलू, एवढेच होतो. पिलाची पापणी आत वळलेली होती. केस बुबुळाला टोचायचे, डोळा सारखा गळायचा. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "जराशी कातडी कापा लागते. पन आधी घरी इचारून या. नाहीतर मंग बुढा येते भांडाले, माह्या बैलाले काहून कापलं म्हनून."

बैलवाल्यांचा नियम मला कशाला? चिडलो, पण घरी कोणी नाही, हे काही तोंडातून निघेना. पिलाला उचलून भर उन्हात खोलीवर आलो. कुलूप उघडलं, माठातलं पाणी दोघंही प्यायलो, पुन्हा कुलूप लावलं.

परत जाऊन सांगितलं, "विचारलं. घरचे हो म्हणाले."