हातावरचं दही

नव्व्याण्णवचा जून. कारगिलची लढाई पेटली होती आणि आमची पलटण स्पेशल ट्रेनने उत्तरेला निघाली होती. मी मेढ्याचा. हुद्दा हवालदार, काम सॅनिटरी ड्यूटी. म्हणजे पाण्यात क्लोरीन घालणे, कुकहाऊस तपासणे, संडासाचे खड्डे योग्य जागी खणून घेणे आणि या सगळ्याबद्दल अख्ख्या पलटणीच्या शिव्या खाणे. गोळीला घाबरणारा जवान मी पाहिला आहे. हगवणीला घाबरणारा एकही नाही.

मिरज सोडल्यावर, कऱ्हाडच्या अलीकडे एका लहान स्टेशनावर गाडी क्रॉसिंगला थांबली. प्लॅटफॉर्मवर सगळा गाव लोटलेला. हार, हलगी, भाकरी, ताकाचे हंडे. त्या गर्दीतून गावचा आरोग्यसेवक धापा टाकत माझ्याकडे आला.

"सायेब, गावात गॅस्ट्रो हाय. नळाच्या पान्यात गटार मिसळलंय. जवानांना कायबी खाऊ देऊ नगा. मी सांगून दमलो, कोन ऐकंना झालंय."

मी डॉक्टर कॅप्टनसाहेबांना रिपोर्ट दिला. ऑर्डर आली, "बाहेरचं काही नाही. दारं बंद."

ऑर्डर देणं सोपं. पाळून घेणार मी. एक दार लावावं, तर पुढच्या खिडकीतून ताकाचा तांब्या आत. आमचे सुभेदारसाहेबच पेला तोंडाला लावत म्हणाले, "एवढ्यानं काय हुतंय गड्या?" मी पेला हातातून काढून घेतला. पुढचा सगळा प्रवास ते माझ्याशी बोलले नाहीत.

माझ्या हाताखालचा नाईक संभाजी याच गावचा. गाडीतल्या पाण्याच्या टाक्या त्याच्या ताब्यात. त्याची आई वाटीत दही घेऊन खिडकीशी आली. लांब निघालेल्याच्या हातावर आमच्याकडे दही ठेवतात, तो सुखरूप परत यावा म्हणून.

"मावशी, दही नको. गावचं पाणी खराब हाय."

"आवं, दह्यात कुठलं आलंय पानी? घरच्या म्हशीचं हाय."

"वाटी कशानं धुतली?"

"पोरगं लढाईला चाललंय, आन् तुमी वाटीचं इचारताय व्हय?"

दारं-खिडक्या सांभाळून माझं डोकं फिरलं होतं. संभाजीने हात बाहेर काढला, माझ्याकडे पाहिलं आणि मूठ मिटली.

"आई, ऑर्डर हाय. आल्यावर खातो."

गाडी हलली. ती वाटी सावरत फलाटाच्या टोकापर्यंत गाडीबरोबर चालत आली.

वर कारगिलला पोहोचेपर्यंत आमचा एकही माणूस आजारी पडला नाही. पुढे संभाजी पाण्याचे जेरीकॅन घेऊन पोस्टकडे चढत असताना तोफगोळा पडला. वायरलेसवर आवाज आला, "वॉटर पार्टी हिट. एक शहीद." नाव कळेपर्यंत मी सेट सोडला नाही. कळल्यावर रडलो.

ऑर्डर बरोबर होती. आजही तीच पाळेन. पण संभाजीच्या गावातले लोक त्याच्या आईदेखत म्हणतात, दही घेतलं असतं तर पोरगा आला असता. तिकडे गेलो की मी भांडतो त्यांच्याशी. दह्याने तोफगोळा चुकत नाही, बाबांनो! भांडून घरी येतो आणि मग मलाच अन्न गोड लागत नाही.

पेन्शनीवर आल्यावर मी पहिल्यांदा तिला भेटायला गेलो. ती संभाजीबद्दल बोलली, मी ऐकलं. दह्याचा विषय दोघांनीही काढला नाही. निघालो तेव्हा ती वाटी घेऊन दारात आली. मी हात पुढे केला, पण तिने लगेच दही ठेवलं नाही. आधी आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून मला दाखवले.

"साबनानं धुतल्यात. वाटी उकळत्या पान्यातनं काढलीया. आता तरी चालंल न्हवं, सायेब?"